रायफलीवर ज्यूकबॉक्सवाल्याचं नाव

अमेरिकेतले जुने सैनिक गप्पांना बसले की एक विषय हमखास निघतो. तुझ्या रायफलीवर नाव कुणाचं होतं? कोरियात लढलेला एखादा सांगतो, माझ्या कार्बाइनवर (आखूड, हलक्या रायफलीवर) रॉक-ओला होतं, म्हणजे हॉटेलात नाणं टाकलं की गाणं वाजवणारे ज्यूकबॉक्स बनवणारी कंपनी. दुसऱ्याला आयबीएम आठवतं. व्हिएतनामला गेलेला म्हणतो, माझ्या एम-१६ वर जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्सवाल्या विभागाचा शिक्का होता. मग एखादा छातीठोकपणे सांगतो की त्याच्या रायफलीचं प्लास्टिक मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचं होतं, नाव त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं.

पहिल्या तिघांचं खरं आहे, चौथ्याचं नाही. पण चौथाही खोटं बोलत नाहीये. त्याच्याकडे नंतर येतो.

मी भोसरीतल्या एका टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षं तपासणीचं काम केलं. गेज, म्हणजे माप तपासायचा ठोकळा, हातात घ्यायचा आणि दुसऱ्यांनी बनवलेला माल पास किंवा नापास करायचा. त्यामुळे या आठवणी वाचताना मला सगळ्यात आधी त्यामागचं शॉप फ्लोअर दिसतं. काल टाइपरायटर बनवणारा कामगार आज लष्कराला चालेल अशी रायफल बनवतो, ती हजारो मैलांवर एका पोराच्या हातात जाते आणि बरोबर चालते. हे कसं जमलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात कार्बाइनपासून करू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन पायदळाची मुख्य रायफल होती एम-१ गॅरँड, वजन साधारण ४.३ किलो. पण सैन्यात सगळेच काही खंदकात बसून गोळ्या झाडत नाहीत. ट्रक चालवणारे, तोफेवरचे, वायरलेसवाले, अधिकारी, या सगळ्यांना पिस्तुलापेक्षा दमदार आणि गॅरँडपेक्षा हलकं काहीतरी हवं होतं. विंचेस्टर कंपनीनं तशी रायफल तयार केली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये लष्करानं ती स्वीकारली. वजन जेमतेम २.४ किलो, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. नाव एम-१ कार्बाइन. दोनच महिन्यांत पर्ल हार्बर झालं आणि मागणी लाखांत गेली.

आता पंचाईत अशी की बंदुका बनवणारे जुने कारखाने आधीच गळ्यापर्यंत कामात बुडालेले. विंचेस्टर स्वतः गॅरँडही बनवत होती. दुसरीकडे, १९४२ मध्ये सरकारनं युद्धासाठी पोलाद आणि माणसं वाचवायची म्हणून ज्यूकबॉक्स, टाइपरायटर अशा वस्तूंच्या उत्पादनावर निर्बंध आणले. म्हणजे एका बाजूला काम आहे पण मशीन मोकळं नाही, दुसऱ्या बाजूला मशीन मोकळं आहे, कुशल कामगार आहेत, आणि काम नाही. दोन्ही टोकं जुळवायची होती. टाइपरायटर बंद झाल्यावर सरकारी कचेऱ्यांनाच ते इतके कमी पडले की लोकांकडून जुने टाइपरायटर विकत घेण्याची मोहीम काढावी लागली.

कार्बाइनचं मुख्य कंत्राट मिळालं दहा कंपन्यांना. त्यांत बंदुकांचा पिढीजात धंदा असलेली एकच, विंचेस्टर. बाकीच्यांची नावं बघा. सगळ्यात जास्त कार्बाइन बनवल्या डेटनच्या इनलँडनं, हा जनरल मोटर्सचा विभाग. जवळजवळ २६ लाख. सॅगिनॉ हा जनरल मोटर्सचाच दुसरा विभाग, त्याचा धंदा मोटारींच्या स्टिअरिंग गिअरचा. अंडरवुड टाइपरायटरवाले, त्यांनी सुमारे साडेपाच लाख बनवल्या. आयबीएमनं पोकिप्सीच्या कारखान्यात सुमारे साडेतीन लाख. नॅशनल पोस्टल मीटर टपालावर शिक्के मारणारी यंत्रं बनवायची. आणि शिकागोची रॉक-ओला, साधारण २ लाख २८ हजार. रॉक-ओला हे नाव रॉक संगीतावरून आलंय असं अनेकांना वाटतं, पण ते संस्थापक डेव्हिड रॉकोला यांचं आडनाव आहे. त्यांची सुरुवात नाणं टाकून वजन सांगणाऱ्या काट्यांपासून झाली होती. सगळ्यांच्या मिळून ६० लाखांवर कार्बाइन झाल्या. त्या युद्धात अमेरिकेनं दुसरं कुठलंही हातातलं हत्यार एवढ्या संख्येनं बनवलं नाही.

टाइपरायटरवाल्याला हे जमलं यात आश्चर्य वाटायला नको. जुना टाइपरायटर उघडून पाहिलेल्या माणसाला ते लगेच पटेल. आत शेकडो छोटे पोलादी तुकडे असतात: दट्टे, स्प्रिंगा, पिना, कड्या. काही पत्र्यातून प्रेसवर कापलेले, काही मिलिंगवर घासलेले, काहींना उष्णता देऊन कडक केलेलं. एक कळ दाबली की चार-पाच तुकडे एकमेकांना ढकलतात आणि अक्षर दर वेळी त्याच जागी उमटतं. रायफलीचा चाप दाबल्यावर आत जे होतं ते याच जातीचं काम आहे. आणि नातंही जुनं आहे. बाजारात चाललेला पहिला टाइपरायटर १८७० च्या दशकात बनला तोच मुळी रेमिंग्टन या बंदूकवाल्यांच्या कारखान्यात. आपल्याकडे मराठी टंकलेखन शिकलेले लोक आजही रेमिंग्टन कीबोर्ड म्हणतात, तेच हे नाव. पुढे टाइपरायटरचा धंदा वेगळा झाला, त्याची रेमिंग्टन रँड कंपनी झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात त्या कंपनीनं सैन्यासाठी पॉइंट ४५ ची पिस्तुलं इतकी बनवली की बाकी सगळे मागे पडले. सिंगरनंही बनवली. आपल्या घराघरांत शिवणयंत्र असलेली तीच सिंगर. तिची पिस्तुलं फक्त ५००.

स्मिथ-कोरोना या टाइपरायटर कंपनीनं तर बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद करणारा पोलादी दांडा, हातानं ओढायची जुनी स्प्रिंगफील्ड रायफल बनवली, एम-१९०३-ए-३. साधारण २ लाख ३४ हजार. या मॉडेलात ट्रिगर गार्डसारखे भाग मुद्दाम प्रेस केलेल्या पत्र्याचे केले होते, म्हणजे मशिनिंगचा वेळ वाचला. टाइपरायटरवाल्यांच्या हातचंच काम ते.

पण फक्त मशीन आणि हात असून भागत नाही. इथे माझ्या धंद्यातली गोष्ट येते.

रायफलीत एक माप असं आहे की तिथे चूक झाली तर ती रायफल झाडणाऱ्याच्याच तोंडावर उलटते. त्याला हेडस्पेस म्हणतात. काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये, जिथे जाऊन अडतं, तिथपासून मागून त्याला दाबून धरणाऱ्या बोल्टच्या तोंडापर्यंतचं अंतर. हे अंतर कमी पडलं तर बोल्ट बंदच होणार नाही. जास्त झालं तर काडतुसाला मागे आधार राहत नाही, पितळी खोळ ताणून फाटते आणि तापलेला वायू मागे फुटतो. कार्बाइनच्या चेंबरमध्ये दाब साधारण ४० हजार पौंड प्रति चौरस इंच इतका चढतो. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३५ भरतो, त्यावरून कल्पना करा. आणि चांगल्या-वाईटातला फरक इंचाच्या काही हजाराव्या भागाचा, म्हणजे दोन-चार केसांच्या जाडीएवढा.

हे तपासायला मोजपट्टी लागत नाही आणि फारसं शिक्षणही लागत नाही. लागतात दोन गेज. काडतुसाच्या आकाराचे पोलादी ठोकळे, आरशासारखे घासलेले. एक ‘गो’, एक ‘नो-गो’. गो गेज चेंबरमध्ये टाकून बोल्ट पुढे ढकलला तर तो बंद झालाच पाहिजे. नो-गो टाकला तर बंद होता कामा नये. बस. तपासणाऱ्या बाईनं, कारण त्या काळात अशा कामावर बायका फार मोठ्या संख्येनं होत्या, आयुष्यात कधी बंदूक पाहिली नसली तरी चालतं. बोल्टची मूठ बोटाला सांगते. मीही असेच गेज वापरले, फक्त माझे बेअरिंगच्या बोअरसाठी होते. गो आत सरकताना जी एक मऊ, तेलकट लागण हाताला जाणवते ती शब्दांत सांगता येत नाही. आणि नो-गो जेव्हा तोंडाशीच ठप्प थांबतो तेव्हा मनाला जी निश्चिंती मिळते, तीही नाही.

म्हणजे लष्करानं या कंपन्यांना खरं तर काय दिलं? ड्रॉइंग दिलं, प्रत्येक मापाची वरची-खालची मर्यादा दिली आणि ती तपासायचे गेज दिले. तुकडा या मर्यादेत बसला की तो कुणी बनवला याला काही अर्थ उरत नाही. रॉक-ओलाचा बोल्ट अंडरवुडच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या धडात, बसलाच पाहिजे. म्हणून वेगवेगळ्या कारखान्यांच्या कार्बाइन खोलून, तुकडे एकत्र मिसळून, पुन्हा जोडून चालवून बघायच्या चाचण्या होत. कंपन्यांची एक संयुक्त समितीही होती. एकीकडे बॅरल कमी पडली आणि दुसरीकडे जास्त झाली तर ती इकडून तिकडे पाठवायची, अडचणी एकमेकांना सांगायच्या, हे तिचं काम. एरवी बाजारात एकमेकांचे गळे कापणाऱ्या कंपन्या अशा वागल्या, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

सगळ्यांना मात्र जमलं नाही. मिशिगनमधलं ग्रँड रॅपिड्स हे फर्निचरचं गाव. तिथल्या आयर्विन या फर्निचरवाल्यांनी जॉन पेडरसन यांच्याशी भागीदारी केली. पेडरसन म्हणजे अमेरिकेतले नावाजलेले बंदूक-रचनाकार. कागदावर ही जोडी सगळ्यांत भारी. प्रत्यक्षात त्यांच्या तीन-साडेतीन हजार कार्बाइन तयार झाल्या आणि लष्करानं त्यातली एकही पास केली नाही. शेवटी १९४३ मध्ये तो कारखाना सॅगिनॉच्या, म्हणजे स्टिअरिंगवाल्यांच्या, ताब्यात दिला आणि त्यांनी तो चालवून दाखवला. बंदुकीची रचना कळणं आणि तीच बंदूक दिवसाला शेकड्यांनी एकसारखी काढणं, ही दोन वेगळी कामं आहेत. टूलरूममधल्या कुठल्याही माणसाला विचारा.

आता त्या आठवणींकडे. ‘माझी कार्बाइन रॉक-ओलाची होती’ असं सैनिक सांगतो तेव्हा त्यानं काय पाहिलेलं असतं? त्यानं रिसीव्हरवरचं नाव पाहिलेलं असतं. रिसीव्हर म्हणजे रायफलीचं धड, ज्यात बोल्ट सरकतो आणि ज्याला नळी, दस्ता, सगळं जोडलेलं असतं. कायद्यानं आणि लष्कराच्या वहीत तोच तुकडा म्हणजे रायफल, कारण अनुक्रमांक त्याच्यावर असतो. पण नळीवर अंडरवुडचं नाव असू शकतं, आणि बारीक तुकड्यांवर एकेका अक्षराच्या खुणा असतात: विंचेस्टरचा डब्ल्यू, रॉक-ओलाचा आर, आयबीएमचा बी. युद्धानंतर तर लष्करानं या कार्बाइन डेपोत नेऊन पूर्ण खोलल्या, झिजलेले भाग बदलले, सुधारलेले भाग लावले आणि पुन्हा जोडल्या. कोण कुणाचा तुकडा, हे कुणी बघत बसलं नाही. बघायची गरजच नव्हती, त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता. त्या वेळी नेम धरायची नवी, मोठी मागची माशी बसवली ती नेमकी कंपनीच्या नावावर आली. म्हणून कित्येकांना नाव अर्धंच आठवतं. कोरियात गेलेली कार्बाइन नावानं एकाची, आतून पाच-सहा जणांची असायची.

यावरून ट्रॅक्टरवाल्यांची गोष्ट सांगतो, कारण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. कोरियाचं युद्ध सुरू झाल्यावर गॅरँड पुन्हा हव्या झाल्या. १९५१ मध्ये कंत्राट दिलं इंटरनॅशनल हार्वेस्टरला. तेच लाल ट्रॅक्टरवाले. कारखाना इंडियाना राज्यात इव्हान्सव्हिलला, जिथे तेव्हा ते फ्रिज बनवत होते. अणुबाँबच्या भीतीनं लष्कराला रायफलींचं सगळं उत्पादन ईशान्येकडच्या एका पट्ट्यात ठेवायचं नव्हतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. काम मात्र फार जड गेलं. मदतीला स्प्रिंगफील्डचा सरकारी कारखाना धावला. त्यानं रिसीव्हर बनवून, त्यावर इंटरनॅशनल हार्वेस्टरचं नाव टाकून पाठवले. त्या रिसीव्हरवरच्या चार ओळी एका चौकोनात इतक्या नीट बसवल्यात की जाणकार त्याला पोस्टाचं तिकीट म्हणतात. म्हणजे नाव ट्रॅक्टरवाल्याचं आणि धड सरकारी कारखान्याचं. एकूण साधारण ३ लाख ३७ हजार गॅरँड या नावानं गेल्या. पुढे १९६३ मध्ये याच कंपनीशी महिंद्रांनी भागीदारी करून मुंबईत ट्रॅक्टर सुरू केले आणि बी-२७५ आपल्या शेतांत आला. आमच्या गावचा पहिला ट्रॅक्टर तोच. त्याच्या नाकावर पोरं बसायची, पण या नावानं रायफलीही झाल्यात, हे तेव्हा गावात कुणाच्या कानावर नव्हतं.

आता व्हिएतनाम. एम-१६ सुरुवातीला एकट्या कोल्ट कंपनीची. मागणी वाढली तसं १९६८ मध्ये आणखी दोघांना काम दिलं. हॅरिंग्टन अँड रिचर्डसन हे जुने बंदूकवाले होते, त्यांच्याबद्दल कुणाला नवल वाटलं नाही. दुसरी हायड्रा-मॅटिक, जनरल मोटर्सचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारा विभाग. कारखाना मिशिगनमधल्या विलो रनचा, जिथे महायुद्धात फोर्डनं बाँबफेकी विमानं बनवली होती.

आणि मॅटेल? मॅटेलनं एम-१६ ची कुठलीही वस्तू सैन्याला बनवून दिली याचा काहीही पुरावा नाही. तसं नाव असलेला एकही खरा भाग कधी सापडलेला नाही. मग इतक्या माणसांना तो का आठवतो? आधीच्या रायफली अक्रोडाच्या लाकडाच्या आणि वजनदार. ही हलकी, काळी, प्लास्टिकची. हातात घेतल्याबरोबर खेळणं वाटावी अशी. त्यातच मॅटेलनं त्याच वर्षांत एम-१६ चं हुबेहूब खेळणं बाजारात आणलं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १९६६-६७ मध्ये ही रायफल ऐन चकमकीत अडकत होती. काडतुसातल्या दारूचा प्रकार बदलला होता, चेंबरला आतून क्रोमचा मुलामा नव्हता, आणि साफसफाईचं साहित्य पुरेसं दिलेलंच नव्हतं. पोरं अडकलेली रायफल हातात घेऊन मेली. त्यांचे सोबती ‘हे खेळणं आहे, मॅटेलचं आहे’ असं म्हणाले ते रागानं आणि दुःखानं. पन्नास वर्षांत त्या वाक्याचं डोळ्यांनी पाहिलेलं नाव झालं. त्याला खोटं म्हणण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं. हायड्रा-मॅटिकच्या रायफली आल्या त्या हे दोष दुरुस्त झाल्यावर, त्यामुळे मोटारवाल्यांचं नाव पाहून दचकलेल्या सैनिकाला खरं तर आधीच्यांपेक्षा चांगली रायफल मिळाली होती.

खेळणीवाल्यानं हत्यार बनवणं मुळात अशक्य होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीनं महायुद्धात लाखो स्टेनगन बनवल्या. पत्रा वाकवून नळीसारखा करायचा आणि वेल्ड मारायचा, हे त्यांना खेळण्यांमुळे पाठच होतं.

आपल्याकडची थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एन्फिल्ड. भारतात ती बंगालमध्ये इशापूरला बनायची, पण जगभर तिचे कारखाने होते: ऑस्ट्रेलियात लिथगो, कॅनडात लाँग ब्रँच, इंग्लंडात बर्मिंगहॅमची बीएसए, जिच्या मोटारसायकली आपल्याला जास्त माहीत. अमेरिकेतही मॅसॅच्युसेट्समध्ये सॅव्हेज कंपनीनं दहा लाखांवर बनवल्या आणि त्यावर ‘यू. एस. प्रॉपर्टी’ असं कोरलं. अमेरिकन सैन्यानं ही रायफल कधी घेतलीच नव्हती. पण ब्रिटनला ती उसनवारीच्या करारावर दिली होती, म्हणून हिशेबाला मालकी अमेरिकेची.

माझे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, भरती होऊन बेळगावला गेले तेव्हा हातात हीच रायफल आली. मी त्यांना एकदा विचारलं, काका, तुमच्या रायफलीवर कारखाना कुठला होता? त्यांना नव्वदीतही बट नंबर, म्हणजे रायफलीच्या दस्त्यावरचा नंबर, तोंडपाठ होता, कारण कोतमधून, म्हणजे पलटणीच्या शस्त्रांच्या कोठारातून, रायफल काढताना आणि जमा करताना रोज तोच पुकारावा लागायचा. कारखान्याचं नाव नाही आठवलं. “ते कुठं बघतोयस,” म्हणाले, “चिंधी ओढायची, तेल लावायचं, कोतमध्ये द्यायची.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण खोके आठवतात.”

फायरिंग झालं की रेंजवर वाकून काडतुसांचे रिकामे खोके वेचायचे आणि मोजून परत द्यायचे, एक जरी कमी पडला तरी सुट्टी नाही. त्या पितळी बुडावर के एफ अशी दोन अक्षरं आणि साल असायचं. किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. काकांचा आत्तेभाऊ तेव्हा तिथे कामाला होता. बेळगावच्या उन्हात गरम खोका उचलला की काका तो उलटा करून बघायचे.